वालाचे बिरडे आणि प्रथिनांची बाटली

भाताची कापणी झाली की पेण ते रोहा या पट्ट्यातली शेते रिकामी राहत नाहीत. जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. दिवा-रोहा गाडीने हिवाळ्यात प्रवास केला तर कासू, नागोठणे या भागात रुळांच्या दोन्ही बाजूंना हे पीक दिसते. शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लागते. वाळलेले कडवे वाल घरात वर्षभर पुरतात. ते भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि त्यांचे बिरडे भाताबरोबर खायचे, ही इथली जुनी रीत आहे.

गेल्या हिवाळ्यात रोह्याला शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही या वाल-भाताविषयी बोललो. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. आपल्या शरीरातील प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यांतील काही शरीर स्वतः तयार करते. नऊ मात्र अन्नातूनच मिळावी लागतात. त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. तांदळात त्यांतले लायसिन कमी असते, वालात ते भरपूर असते. वालात मेथिओनिन कमी असते, ती उणीव तांदूळ बरीचशी भरून काढतो. एकाचे उणे दुसऱ्याने भरावे, असा हा हिशेब.

व्याख्यान संपल्यावर एक शिक्षक मागे थांबले. ते म्हणाले, "सर, माझी आई अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती. डोळ्यांदेखत खंगली. मी रोज डॉक्टरांना सांगत होतो, प्रथिनांची बाटली लावा, पैशाचा विचार करू नका. ते म्हणायचे, आत्ता नको. आई गेली. आता तुम्ही म्हणता, जे कमी आहे ते भरून द्यावे लागते. मग आम्ही आईला उपाशी ठेवले का?"

या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देणे आम्हाला जमले नाही. एखाद्या रुग्णाबाबतचा निर्णय दुरून तपासता येत नाही आणि तो तपासण्याचा आमचा अधिकारही नाही. परंतु "कमी पडले ते भरून द्यावे" या साध्या वाटणाऱ्या विचाराला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो वालाच्या दाण्यापासून सुरू करता येतो आणि त्या शिक्षकांच्या प्रश्नापर्यंत आणता येतो.

दाण्यातले कुलूप

वाल कच्चे खाल्ले तर पोट बिघडते, हे कोकणात कोणालाही सांगावे लागत नाही. त्याचे एक कारण मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शोधले गेले. तेथे जीवरसायनशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. कमला सोहोनी आणि त्यांचे विद्यार्थी १९५० च्या दशकात कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास करीत होते. १९५५ साली सोहोनी आणि के. एस. आंबे यांनी वालातून ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केल्याचे 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून येणारे पाचक विकर. प्रथिनांची साखळी तोडण्याचे काम ते करते. वालाच्या दाण्यात या विकराला जखडून ठेवणारे प्रथिन असते. म्हणजे दाण्यात अमिनो आम्लांचा साठा आहे, पण त्याला कुलूपही आहे. भिजवणे, मोड आणणे आणि शिजवणे यांनी अशा कुलपांचा जोर कमी होतो. बिरड्याची सगळी खटपट यासाठीच उपयोगी पडते. अन्नात एखादा घटक असणे आणि शरीराला तो वापरता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा वालाने दिलेला पहिला धडा.

कमलाबाईंचा स्वतःचा प्रवासही शिक्षकांनी वर्गात सांगावा असा आहे. त्या पूर्वाश्रमीच्या भागवत. १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, केवळ स्त्री असल्यामुळे, संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट सोडला नाही. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. केंब्रिजच्या ज्या विभागात त्या काम करीत होत्या त्याचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. आपल्या विषयाची सुरुवात याच हॉपकिन्सपासून होते.

हॉपकिन्सचे उंदीर

१९०१ साली हॉपकिन्स आणि कोल यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे केले. मक्यातील झेइन या प्रथिनात ते नसते. १९०६ मध्ये एडिथ विलकॉक आणि हॉपकिन्स यांनी लहान उंदरांना प्रथिन म्हणून फक्त झेइन दिले. उंदीर वाढेनात आणि लवकरच मरू लागले. दुसऱ्या गटाच्या अन्नात ट्रिप्टोफॅन मिसळले. ते उंदीर अधिक दिवस जगले, मात्र वाढले तेही नाहीत. वाढ का झाली नाही, याचे उत्तर अमेरिकेत ऑसबॉर्न आणि मेंडेल यांनी १९१४ साली दिले: झेइनमध्ये लायसिनचाही अभाव आहे. दोन्ही अमिनो आम्ले घातल्यावर प्राणी वाढू लागले.

अमिनो आम्ल पुरवून उणीव भरून काढण्याचा हा आरंभीचा स्वच्छ प्रयोग. त्यात दोन गट होते आणि दोहोंची तुलना होती. परंतु त्यातला एक बारकावा पुढे अनेकजण विसरले. हे उंदीर उपाशी नव्हते आणि आजारीही नव्हते. त्यांच्या अन्नात पिठूळ पदार्थ आणि चरबी पुरेशी होती. कमी होते ते एक-दोन अमिनो आम्लांचेच.

निरोगी शरीराचा हिशेब आजारी शरीराला लागू पडेलच असे नाही, याची खूण १९३० पासून ग्लासगोत दिसू लागली. डेव्हिड कथबर्टसन हे हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतील नत्र मोजत होते. प्रथिने तुटली की त्यांतला नत्र युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणून नत्र मोजला की प्रथिनांचा तोटा कळतो. मोडलेले हाड एकच, पण तोटा साऱ्या शरीरातल्या स्नायूंचा होत होता. रुग्णाला भरपूर प्रथिने खाऊ घातली तरी तोटा कमी होई, पण काही दिवस तो पूर्ण थांबत नसे. हा निव्वळ उपासमारीचा परिणाम नव्हता. मोठ्या इजेनंतर शरीर स्वतःच स्नायू मोडून अमिनो आम्ले मोकळी करत होते.

कलकत्ता १९४३, बेल्सेन १९४५

दरम्यान एक नवी कल्पना पुढे आली. रुग्णाचे पोट चालत नसेल, तर प्रथिने बाहेरच पचवून त्यांची अमिनो आम्ले सरळ शिरेतून का देऊ नयेत? १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सेंट लुईसचे शल्यचिकित्सक रॉबर्ट एल्मन यांनी दुधातल्या केसीनचे विघटन करून केलेले द्रावण रुग्णांना शिरेवाटे दिले. आम्लाने विघटन करताना ट्रिप्टोफॅन नष्ट होते, म्हणून ते वेगळे मिसळावे लागे. हॉपकिन्सच्या शोधाचा असा थेट उपयोग झाला.

या कल्पनेची मोठी कसोटी आपल्या देशात लागली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. कलकत्त्याच्या रस्त्यांवरून उचलून आणलेल्या माणसांना अन्न गिळण्याचीही शक्ती नसे. तेथील अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेतले के. व्ही. कृष्णन आणि त्यांचे सहकारी यांनी अशा रुग्णांना विघटित प्रथिने दिली आणि १९४४ च्या 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये त्याचा आशादायक वृत्तांत लिहिला. महायुद्ध संपत आले होते, युरोपात उपासमार पसरली होती. या उपायाकडे ब्रिटनमधील डॉक्टरांचे लक्ष गेले.

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने जर्मनीतील बेर्गेन-बेल्सेनची छळछावणी मुक्त केली. तेथे सुमारे ६० हजार माणसे होती आणि मुक्ततेनंतरही १३ हजारांहून अधिक मरण पावली. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने डॉ. जॅनेट व्हॉन, चार्ल्स डेंट आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांना विघटित प्रथिनांचा उपयोग तपासण्यासाठी तेथे पाठवले.

त्यांना जे दिसले ते अपेक्षेपेक्षा वेगळे होते. विघटित प्रथिनांची चव इतकी वाईट होती की रुग्णांना ती पिववेनात. नळी किंवा सुई दिसली की ते भीतीने ओरडत, कारण छावणीत सुईचा अर्थ मरण असाच त्यांनी पाहिला होता. आणि थोडे थोडे दूध घोटाघोटाने पाजले, तर अगदी खंगलेली माणसेही ते घेत आणि सुधारत. व्हॉन यांनी तसा स्पष्ट अहवाल दिला: दूध बरे. ज्या उपायाची महती तपासायला त्या गेल्या होत्या तो साध्या दुधापेक्षा सरस नाही, हे त्यांनी लपवले नाही. त्या अहवालाचे खरे मोल इथे आहे.

सुखात्मे यांचा हिशेब

दूध का बरे ठरले? चव आणि भीती ही कारणे होतीच. पण आणखी एक कारण आपल्या पुण्याच्या एका संख्याशास्त्रज्ञाच्या कामातून चांगले समजते.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. १९५१ पासून वीस वर्षे ते रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९६० च्या दशकात जगभर "प्रथिनांची तूट" हा शब्द गाजत होता. गरीब देशांतील कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या अभावात आहे, म्हणून अन्नात प्रथिने आणि अमिनो आम्ले मिसळा, असे सांगितले जाई. सुखात्मे यांनी भारतातील आहार-पाहण्यांची आकडेवारी नीट मांडली. १९७० च्या सुमारास त्यांनी दाखवले की ज्यांना प्रथिने कमी पडत होती त्यांतील बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडत होते. पोटभर भात-डाळ किंवा भाकरी-डाळ खाणाऱ्याला प्रथिने सहसा पुरतात. अर्धपोटी माणसाला नुसती प्रथिने दिली तर शरीर ती इंधन म्हणून जाळून टाकते.

म्हणजे अमिनो आम्लांपासून प्रथिने बांधायची तर ऊर्जाही हवी. दुधात प्रथिनांबरोबर साखर आणि स्निग्ध पदार्थ होते. बेल्सेनच्या बाटलीत मुख्यतः अमिनो आम्ले होती.

पुढे हा धडा शिरेवाटे पोषणात कामी आला. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी शिरेतून सुरक्षितपणे देता येईल असा चरबीचा कल्क तयार केला. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे स्टॅन्ली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी ग्लुकोज आणि विघटित प्रथिने एकत्र करून मोठ्या शिरेतून दिली. १९६८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की बीगल जातीची कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेवाटे मिळालेल्या पोषणावर नेहमीसारखी वाढली. लहान आतडे जवळजवळ नसलेल्या एका अर्भकालाही त्यांनी असेच पोसले. आज अपुऱ्या दिवसांची अगदी लहान बाळे आणि आतडे निकामी झालेले रुग्ण या उपायावर जगतात. प्रथिनांची बाटली खोटी नाही, हे इथे ठासून सांगायला हवे. प्रश्न ती कोणाला, केव्हा आणि किती द्यायची, हा आहे.

ग्लुटामिनची गोष्ट

शरीरात मोकळ्या रूपात सर्वांत अधिक आढळणारे अमिनो आम्ल म्हणजे ग्लुटामिन. शरीर ते स्वतः बनवते. आतड्याच्या आणि रोगप्रतिकारक पेशी ते इंधन म्हणून वापरतात. गंभीर आजारात अनेकांच्या रक्तातील त्याचे प्रमाण घसरते आणि ज्यांचे घसरते त्यांत मृत्यू अधिक होतात. निष्कर्ष उघड वाटला: कमी आहे, तर द्या.

१९९७ मध्ये लिव्हरपूलचे ग्रिफिथ्स आणि सहकारी यांनी ८४ गंभीर रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनंतर ग्लुटामिन मिळालेल्या ४२ पैकी २४ जिवंत होते, न मिळालेल्या ४२ पैकी १४. उत्साह वाढणे स्वाभाविक होते.

इथे वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. ४२ नाणी उडवून छापे मोजा, पुन्हा ४२ उडवून मोजा. दोन मोजण्यांत दहा किंवा अधिक छाप्यांचा फरक, नाणी पूर्ण निर्दोष असूनही, शंभर जोड्यांमागे साधारण चार वेळा पडतो. जगभर असे अनेक छोटे अभ्यास होत असतील आणि त्यांतले यशस्वी तेवढेच आपल्या कानांवर येत असतील, तर काय होईल, हे विद्यार्थ्यांना विचारा.

मोठी मोजणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. कॅनडा, अमेरिका आणि युरोपातील ४० अतिदक्षता विभागांतले १२२३ रुग्ण डॅरेन हेलँड यांच्या गटाने अभ्यासले. सर्वांना कृत्रिम श्वास चालू होता आणि एकाहून अधिक इंद्रिये निकामी होत होती. कोणाला ग्लुटामिन द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. सहा महिन्यांत ग्लुटामिन न मिळालेल्यांपैकी ३७.२ टक्के मरण पावले, मिळालेल्यांपैकी ४३.७ टक्के. जे जीव वाचवील असे वाटले होते त्याने या रुग्णांत मृत्यू वाढवले. ज्यांच्या रक्तातील ग्लुटामिन मोजले होते, त्यांतल्या बहुतेकांत ते मुळी कमीच नव्हते, हेही ध्यानात आले. भाजलेल्या सुमारे १२०० रुग्णांवरील २०२२ च्या अभ्यासात ग्लुटामिनने नुकसान दिसले नाही, पण फायदाही दिसला नाही.

इतर मोजण्याही याच दिशेने गेल्या. बेल्जियममध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ४६४० रुग्णांच्या अभ्यासात, नळीने दिलेले अन्न अपुरे पडत असताना शिरेवाटे पोषण लगेच देण्यापेक्षा आठवडाभर थांबणे बरे ठरले. मृत्यूंत फरक नव्हता, पण थांबलेल्या गटात जंतुसंसर्ग कमी झाला आणि रुग्ण लवकर बरे झाले. २०२३ मध्ये १६ देशांतल्या सुमारे १३०० रुग्णांत दर किलो वजनामागे रोज २.२ ग्रॅम किंवा अधिक प्रथिने देण्याची तुलना १.२ ग्रॅम किंवा त्याहून कमी देण्याशी केली गेली. जास्त प्रथिनांनी रुग्ण लवकर घरी गेले नाहीत आणि ज्यांची मूत्रपिंडे बिघडली होती त्यांचे नुकसान झाल्याची चिन्हे दिसली.

कारखान्यात पाणी

असे का होत असावे? पेणचे गणपतीचे कारखाने डोळ्यांसमोर आणू. मूर्तीला माती लागते हे खरे. पण ऐन पावसात कारखान्यात गुडघाभर पाणी शिरले आहे, साचे भिजले आहेत, कारागीर सामान वाचवण्यात गुंतले आहेत, अशा वेळी मातीचा आणखी एक ट्रक आणून ओतला तर मूर्ती वाढणार नाहीत. चिखल वाढेल, आणि तो काढायलाही माणसे लागतील.

गंभीर आजाराच्या पहिल्या दिवसांत शरीराची अवस्था अशीच असते. संप्रेरके आणि दाह यांमुळे बांधकाम मंदावते, मोडतोड वाढते. वापरली न गेलेली अमिनो आम्ले यकृताला मोडावी लागतात आणि त्यांचा नत्र युरियाच्या रूपाने मूत्रपिंडांना बाहेर टाकावा लागतो. हीच इंद्रिये आधीच थकलेली असतात. पाणी ओसरले, साचे वाळले की माती हवीच असते. म्हणून आज रुग्णाला शक्य तितके पोटातून, तोंडाने किंवा नळीने, थोड्यापासून सुरू करून वाढवत अन्न देतात. बरे होऊ लागलेल्या रुग्णाला प्रथिने आणि हालचाल दोन्ही पुरेशी देण्यावर भर असतो.

त्या शिक्षकांना आम्ही नंतर पत्र लिहिले. आईला काय झाले असते हे कोणी सांगू शकणार नाही, असेही त्यात लिहिले. पण "आत्ता नको" म्हणणे म्हणजे उपाशी ठेवणे नव्हे. त्या दोन शब्दांमागे बेल्सेनपासून चालत आलेले, हजारो रुग्णांवर मोजून मिळालेले ज्ञान असू शकते. आईला खंगताना पाहून काहीतरी भरवावे असे वाटणे ही माया आहे, तिच्यात चूक काहीच नाही. रोगाच्या त्या दिवसांत शरीर ते घेण्याच्या स्थितीत नसते, एवढेच.

त्यांचे उत्तर आले. यंदा दहावीच्या वर्गात त्यांनी नाण्यांचा प्रयोग करून घेतला. सोबत वालाची एक पुरचुंडी होती, घरच्या शेतातली.